आधी बोला, मग लिहा: गुरुजींच्या निरोप समारंभाच्या भाषणाबद्दल

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. गावच्या मराठी शाळेतले त्यांचे गुरुजी निवृत्त होताहेत. तीन आठवड्यांनी शाळेच्या पटांगणात निरोप समारंभ आहे आणि माजी विद्यार्थ्यांतर्फे दहा मिनिटं बोलायचं काम त्यांच्यावर आलंय. सातवीपर्यंत मराठी, पुढं कन्नड माध्यम, आता बेळगावात नोकरी. आठवीत एका स्पर्धेत मधेच विसरल्या, रडत खाली उतरल्या, त्यानंतर माइक हातात धरलेला नाही. त्या लिहितात, ‘लिहायला बसलं की पुस्तकी होतं, बोलायला गेलं की गावंढळ वाटतं. पाठ करू, की बघून वाचू?’

ताई, एकतीस वर्षं मी बेळगाव तालुक्यात मराठी शिकवलं. त्यातली निदान पंचवीस वर्षं मुलांना वक्तृत्व स्पर्धांना उभं केलं, पुढं परीक्षक म्हणूनही बसले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एका मुलीनं शिकवलं, म्हणून आधी तिचं सांगते.

वडगावची विणकरांच्या घरची मुलगी. सातवीत होती. स्पर्धेसाठी ‘श्रमाचे महत्त्व’ हा विषय होता. मी तिला दोन पानं लिहून दिली. संस्कृत सुभाषित, मोठमोठे शब्द, हात कुठं वर करायचा तेही कंसात लिहिलेलं. तिनं आठ दिवसांत सगळं घडाघडा पाठ केलं. व्यासपीठावर तिसऱ्या वाक्यात एक शब्द सुटला आणि पुढची सगळी माळ तुटली. दीड मिनिट ती नुसती उभी होती. परत येताना बसस्टॉपवर, तिचं मन दुसरीकडं वळावं म्हणून मी सहज विचारलं, ‘घरी किती माग आहेत गं?’ आणि ती बोलायला लागली. कांड्या भरताना बोटाला कशी रेघ पडते, वीज गेली की अख्ख्या गल्लीतला खडखड आवाज एकदम थांबतो आणि त्या शांततेनं आजीला जाग येते, रात्री दोनला वीज आली की बाबा उठून माग लावतात. बस येईपर्यंत ती न अडखळता बोलत होती. श्रमावरचं तेवढं चांगलं भाषण मी त्या दिवशी स्पर्धेतही ऐकलं नव्हतं. ते तिच्या तोंडात तयार होतं आणि मी त्यावर माझी दोन पानं ठेवून ते दाबून टाकलं होतं. ती विसरली हा तिचा दोष नव्हता. तुम्ही आठवीत विसरलात तो तुमचाही नव्हता. दुसऱ्याचे शब्द पाठ करायला लावले की असंच होतं.

तेव्हापासून मी लिहून देणं बंद केलं. आधी बोलायला लावते. तुम्हीही तेच करा.

आज रात्री जेवणं झाली की आईजवळ किंवा एखाद्या मैत्रिणीजवळ बसा. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून तो पालथा ठेवा. ‘भाषण करते’ म्हणू नका. ‘आमचे गुरुजी कसे होते सांगू?’ एवढंच म्हणा आणि सांगत सुटा. वीस मिनिटं, अर्धा तास, होईल तेवढं. दुसऱ्या दिवशी ते ऐकत जसंच्या तसं वहीत उतरवा. ‘म्हणजे’, ‘ते नव्हे का’, ‘होय की’ सगळं येऊ द्या. हे उतरवणं कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. स्वतःचं वाक्य कुठं जिवंत होतं आणि कुठं मरतं हे या एका कामातून जितकं कळतं, तितकं दहा पुस्तकांतून कळत नाही.

तुम्ही मला लिहिलेल्या मजकुरात एक ओळ अशीच जिवंत आहे. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरचा ओढा भरला की गुरुजी पाण्यात उभे राहून एकेका पोराला हात धरून पलीकडं घ्यायचे, छत्री मात्र काखेत मिटलेली. त्याच मजकुराच्या शेवटी तुम्ही भाषणाची सुरुवात म्हणून जे लिहिलंय ते असं: ‘आदरणीय गुरुजींनी ज्ञानदानाचे पवित्र कार्य अविरतपणे करून आमच्या जीवनाला दिशा दिली असून त्यांचे योगदान शब्दांत व्यक्त करणे अशक्य आहे.’ हे वाक्य महाराष्ट्रात आणि सीमाभागात कुठल्याही गुरुजींना लागू पडतं. म्हणून ते तुमच्या गुरुजींना लागत नाही. ओढ्याचंच बघा, बोलल्यासारखं लिहिलं तर असं होईल:

‘आमच्या शाळेच्या वाटेत ओढा होता. जून लागला की पाणी आमच्या कमरेपर्यंत यायचं. गुरुजी मधोमध उभे असायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छत्री काखेत. पाऊस कोसळत असायचा, पण छत्री मिटलेलीच. कारण दोन्ही हात आमच्यासाठी लागायचे.’

सहा वाक्यं. ‘पवित्र कार्य’ हा शब्द कुठंही नाही, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला ते कार्य दिसतं. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना तर पाण्याची ओढसुद्धा जाणवेल.

आता मराठी वाक्याची एक गोष्ट. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. वाचणाऱ्याला ते चालतं, नजर मागं फिरवता येते. ऐकणाऱ्याला क्रियापद येईपर्यंत सगळं वाक्य डोक्यात धरून बसावं लागतं. ‘ज्यांनी आम्हाला लहानपणापासून संस्कार देऊन, शिकवून, प्रसंगी रागावून घडवलं त्या गुरुजींना’ इथपर्यंत येताना मागच्या रांगेतली बाई पदर सारखा करायला लागलेली असते. म्हणून कानासाठी लिहिताना क्रियापद लवकर आणा. ‘गुरुजी रागवायचे. पण दुपारी डबा नसलेल्या पोराला आपली भाकरी द्यायचे.’ ‘करून, जाऊन, येऊन’ अशी आगगाडी दिसली की तिचे डबे सोडवा. आणि एखादा शब्द मोठ्यानं वाचताना दोनदा अडखळला तर तो बदलाच. तिसऱ्यांदा तो माइकसमोर अडखळेल.

रेकॉर्डिंगमधून पंधरा-वीस आठवणी निघतील. ठेवायच्या तीन. इथं सगळ्यांचंच मन दुखतं, कारण प्रत्येक आठवण खरी असते. निवडायची कशी, ते आपल्याकडच्या कीर्तनकारांकडून शिकण्यासारखं आहे. तुमच्या गावात पारायणाचा सप्ताह होत असेल. रात्रीच्या कीर्तनात महाराज एकच अभंग घेतात. दीड-दोन तास बोलतात, संतांचे दाखले देतात, गोष्टी सांगतात, पण प्रत्येक वेळी फिरून धृपदावर येतात आणि मागं टाळकरी ते उचलून धरतात. घरी जाताना म्हातारी माणसं ते धृपद गुणगुणत जातात. भाषणालाही धृपद लागतं. तुमच्या भाषणाचं धृपद मला तरी ‘दोन्ही हात आमच्यासाठी’ हे दिसतं. मग ज्या आठवणी त्या हातांपाशी येतात त्या ठेवा: पाटीवर बोट धरून गिरवून घेतलेली अक्षरं, सातवीच्या परीक्षेला तालुक्याला नेताना भरलेलं बसभाडं. ज्या येत नाहीत त्या कितीही गोड असल्या तरी आईला सांगण्यापुरत्या ठेवा.

हे मी केवळ कीर्तनावरून म्हणत नाही. १९१६ च्या एप्रिलअखेर बेळगावात मुंबई इलाख्याची प्रांतिक परिषद भरली, तिथंच टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली आणि १ मे रोजी त्यांनी आपल्या या गावात स्वराज्यावर भाषण केलं. ते भाषण आणि त्यानंतरची अहमदनगरची दोन, अशा तीन भाषणांवरून सरकारनं त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका, म्हणजे चांगल्या वागणुकीची स्वतःची लेखी हमी, आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. वकील होते बॅरिस्टर जिना. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. न्यायमूर्तींचा मुद्दा असा की भाषणातली सुटी सुटी वाक्यं उचलून चालणार नाही, भाषण सबंध वाचून त्याचा एकूण परिणाम काय होतो ते पाहिलं पाहिजे. भाषण लिहिणाऱ्यानं ही कसोटी स्वतःला लावावी. एकेक वाक्य किती सुंदर झालंय ते मोजत बसू नये. ऐकून उठलेला माणूस काय एक गोष्ट घेऊन गेला, ते पाहावं. टिळकांचं बोलणं साधंच असायचं, शब्दांची आरास नसायची. त्यांचे समकालीन शिवराम महादेव परांजपे याच्या अगदी उलट, अलंकारांनी आणि वक्रोक्तीनं सभा डोलवणारे. १९२९ मध्ये बेळगावला मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे ते अध्यक्ष होते, आणि त्याच वर्षी ते गेले. दोघांच्याही मागं माणसं गेली, कारण दोघांचंही बोलणं ज्याचं त्याचं होतं. परांजप्यांची आरास मी त्या सातवीतल्या मुलीला उसनी नेसवली, तिथं चुकलं.

‘गावंढळ’ या शब्दाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण आपल्या भागातल्या मुलांना हा शब्द फार लवकर टोचला जातो. आपण घरात ‘काय करूलालास’, ‘जेवूलालो’ म्हणतो. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की गप्प बसतो. शाळेत कन्नड, दुकानात कन्नड, ऑफिसात कन्नड-इंग्रजी, आणि एवढ्यातून घरात टिकवलेली मराठी आपल्याला कमीपणाची वाटते. ताई, सरकारी कागद, पाट्या, पुढच्या शिक्षणाची सोय यांतलं काहीही पाठीशी नसताना ही भाषा जी टिकली ती याच ‘करूलालो’च्या तोंडी टिकली. तिची लाज वाटून घेऊ नका.

तरी सगळं भाषण बोलीत करा असं मी म्हणणार नाही. समारंभाला आपण धुतलेली साडी नेसून जातो, तशी भाषाही जरा नीट करून न्यावी. तुम्ही मला ज्या मराठीत लिहिलंय तीच नीट आहे. मात्र जिथं माणसं बोलतात तिथं त्यांची बोली राहू द्या. गुरुजी ओढ्यात उभं राहून ‘ये की गं, भिऊलालीस कशाला?’ असं म्हणाले असतील, तर तुमच्या भाषणातही ते तसंच म्हणतील. त्या ठिकाणी ‘ये, घाबरतेस कशाला?’ केलंत तर सगळं गाव ओळखेल की हे आपले गुरुजी नव्हेत.

उच्चारांचं मात्र काम करा. कन्नड माध्यमातून गेलेल्या मुलांचे ण आणि ळ स्वच्छ असतात, कारण कन्नडमध्ये हे दोन्ही ठसठशीत आहेत. हा तुमचा फायदा आहे. अडचण येते ती च आणि ज यांची. मराठीत च दोन आहेत. ‘चार, चिमणी, चंद्र’ यांतला टाळूवरचा, आणि ‘चांगला, चूल, चोर’ यांतला दातांजवळचा. तसंच ‘जीव’मधला ज वेगळा आणि ‘जोडा’मधला वेगळा. कन्नडमध्ये टाळूवरचाच वापरात असल्यामुळं वर्षानुवर्षं कन्नड वाचलेली जीभ ‘चांगला’सुद्धा ‘चिमणी’सारखा म्हणते. आणि ‘ज्ञान’ आपण ‘द्न्यान’ असं उच्चारतो, कन्नड शाळेत तो ‘ग्न्यान’च्या जवळ जातो. रोज सकाळी पाच मिनिटं वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचा आणि च-ज वर पेन्सिलीनं खूण करा. तीन आठवड्यांत फरक पडतो, मी शेकडो मुलांत पाहिलाय. एखादा च चुकला तर थांबू नका, दुरुस्त करू नका, पुढं चला.

समोर गटशिक्षणाधिकारी किंवा कन्नड शाळेचे शिक्षक बसलेले असतील, तर ‘एल्लरिगू नमस्कार’, म्हणजे सगळ्यांना नमस्कार, असं म्हणून गुरुजींबद्दल दोन वाक्यं कन्नडमध्ये बोला. तुम्हाला ती सहज येतात. पण ती सुरुवातीलाच चिकटवू नका. पहिली आठवण सांगून झाली की पाहुण्यांकडं वळून सांगा, म्हणजे त्यांनाही ओढा दिसेल. यात कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नसतं. गुरुजींची थोरवी त्यांच्याही कानावर जावी, एवढंच.

पाठ करायचं की वाचायचं? दोन्ही नको. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं पक्की पाठ. मधल्या भागासाठी हाताच्या पंजाएवढं एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर मोठ्या अक्षरांत फक्त शब्द: ओढा. पाटी. बसभाडं. पूल (ओढ्यावर आता झालेला, त्याचं शेवटी सांगते). ओळीनं आठवायचं नाही, चित्र बघून सांगायचं. ओळ विसरते, पाहिलेला ओढा विसरत नाही. सगळं लिहून काढलेला कागद घरीच ठेवा. हातात असला की नजर तिकडं जाते आणि एकदा नजर खाली गेली की लोक मान वळवतात.

वेळेचा हिशेब सांगते. सावकाश, ऐकू जाईल असं बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. दहा मिनिटांना हजार, पण त्यात थांबे आले, टाळ्या आल्या, म्हणून साडेआठशे पुरे. त्यातही गावचा कार्यक्रम कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग ज्यांचं नाव राहिलं त्यांचे सत्कार. तुमची पाळी येईपर्यंत उन्हं डोक्यावर आलेली असतात आणि सूत्रसंचालक कानात सांगतो, ‘ताई, पाचच मिनिटं.’ म्हणून पाच मिनिटांचं भाषण वेगळं तयार ठेवा: ओढा आणि पूल, मधलं सगळं गाळून. घड्याळ लावून दोन्ही करून बघा. संयोजकांना आधीच विचारा, की तुमचा नंबर कितवा, आधी कोण बोलणार, माइक उभा आहे की हातातला. आधीच्या वक्त्यानं ओढ्याचीच गोष्ट सांगितली तर चिडू नका. ‘आत्ता सांगितलं त्या ओढ्यात मीही होते’ असं म्हणून आपली बाजू सांगा. उलट जास्त रंगेल.

नावं घेण्याचा प्रश्न नाजूक आहे. व्यासपीठावर बारा माणसं, एकाचं नाव राहिलं तरी ते वर्षभर लक्षात ठेवतात. बारा नावं घेतली तर दीड मिनिट गेलं. ‘सूत्रसंचालकांनी ज्यांची नावं आदरानं घेतली त्या सर्वांना, आणि पटांगणात बसलेल्या माझ्या गावाला नमस्कार’ एवढं म्हणा आणि मग थेट, ‘गुरुजी,’ असं म्हणून थांबा. एक श्वासभर थांबा. भाषण तिथून सुरू होतं.

पाय थरथरतील. माझे अजून थरथरतात. माइकजवळ गेल्यावर लगेच बोलू नका. दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकवा, श्वास बाहेर सोडा, आत नव्हे, बाहेर. भीतीनं छाती आधीच भरलेली असते, त्यात आणखी हवा भरली की आवाज चिरकतो. माइक तोंडापासून मूठभर लांब, आणि फुंकर मारून किंवा टिचकी मारून तपासायचा नाही. पटांगणात कर्णे लावलेले असतील तर आपलाच आवाज समोरच्या भिंतीवरून परत येतो आणि माणूस गोंधळून भरभर बोलायला लागतो. तिथं उलट करायचं. वाक्य लहान, मग थांबायचं, आवाज फिरून येऊ द्यायचा, मग पुढचं. तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या एखाद्या ओळखीच्या मावशीला सांगतोय असं बोला. गुरुजींकडं सारखं बघू नका, गळा भरून येईल. भरून आलाच तर गप्प उभ्या राहा. माफी मागू नका, पाणी प्या, मग पुढं. त्या शांततेत कुणी तुम्हाला हसणार नाही. निम्मं पटांगण तुमच्याबरोबर डोळे पुसत असेल.

येत्या रविवारी जवळपास कुठं व्याख्यान असेल तर जाऊन बसा. हिवाळ्यात असतं तर कडोली, येळ्ळूर, उचगाव यांपैकी एखाद्या गावच्या साहित्य संमेलनाला जा म्हटलं असतं. शाळेतली मुलं, शेतकरी, बायका मांडवात तासन्‌तास बसून ऐकतात, तसा श्रोता शिकणाऱ्याला दुसरीकडं मिळणं कठीण. वही न्या, पण वक्ता काय म्हणतो ते उतरवू नका. लोक कधी हलले, कधी स्थिर झाले, पोरं कधी गप्प झाली, ते लिहा. त्या क्षणी वक्ता काय करत होता ते आपोआप लक्षात येतं. बहुतेक वेळा तो गोष्ट सांगत असतो.

शेवट ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ असा करू नका. हे ऐकलं की लोक चपला शोधायला लागतात. तुम्ही लिहिलंय की त्या ओढ्यावर आता पूल झालाय. मग शेवटी तिथंच या: आता पोरं पुलावरून शाळेत येतात, कुणाला हात धरावा लागत नाही, पण गुरुजी, आज तुम्ही घरी जाताना आम्ही सगळे पुलापर्यंत येणार आहोत. आणि मग खरंच जा, आधी चार जणांशी बोलून ठेवा. पूल कोणत्या साली झाला ते मात्र गावात दोघा-तिघांना विचारून पक्कं करून घ्या. तो बांधताना पाट्या उचललेला माणूस समोर खाली बसलेला असेल, आणि साल चुकलं तर सगळ्यात आधी त्याला कळेल.